विहीणबाई पुढच्या सीटवर

२१ डिसेंबर २०२५, रविवार

सकाळी चहा गाळताना फोटो आला. न्यूझीलंडमध्ये भाड्याने घेतलेली मोठी पांढरी गाडी. आत पलंग, ओटा, बेसिन, सगळं. नातू पार्थ तिला घरगाडी म्हणतो. स्टिअरिंगवर माझा ज्ञानू. आणि शेजारी, पुढच्या सीटवर, मुक्ताबाई! ज्ञानूची सासू, माझी विहीण. नऊवारीवर माझ्या सुनेचं, पंकजाचं जाकीट, पट्टा लावलेला, चेहऱ्यावर हसू. पंकजा मागे, दोन्ही पोरांजवळ.

बारा दिवस फिरणार आहेत. आज गाडीसकट बोटीत बसून दुसऱ्या बेटावर.

मी लिहिलं, ‘छान. जपून चालवा.’ अंगठाही पाठवला. चहा तोपर्यंत गार झाला होता, तसाच प्यायले.

पुढची सीट आईची असते, मग ती कोणाचीही आई असो, असं स्वतःला समजावत होते. पटलं नाही.

२२ डिसेंबर, सोमवार

शेजारच्या लंकाबाई दारात. “तुम्ही नाही गेलात हो बाई? विहीण गेली आणि तुम्ही नाही?”

म्हटलं, मला थंडी सोसत नाही. तिकडे सध्या उन्हाळा आहे, हे त्यांना ठाऊक नाही म्हणून बरं.

खरं काय ते इथे लिहायला हरकत नाही. ऑगस्टमध्ये ज्ञानूने विचारलं होतं. पंकजाला नोकरी लागली, घरी मुलांपाशी सहा महिने कोणीतरी हवं. “आई, तू येतेस, की सासूबाईंना बोलावू?” मी म्हटलं, त्यांनाच बोलाव, लेकीला आपली आई बरी वाटते. म्हटलं खरं, पण वाट बघत होते. ‘छे, तूच ये’ असं एकदा म्हणाला असता तर त्याच दिवशी बॅग काढली असती. तो म्हणाला, “बरं.”

एवढंच. एकदाही पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्या आठवड्यात मुक्ताबाईंचा व्हिसा.

कर्जतच्या पुढे दहा किलोमीटरवर त्यांची वस्ती. सही करायला पंकजाने शिकवलं. त्या बाई समुद्र ओलांडून गेल्या, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलेली मी इथे संगमनेरात अंगठे पाठवतेय.

२३ डिसेंबर, मंगळवार

आज माझं चुकलं. की नाही चुकलं? लिहून बघते.

व्हिडिओ कॉल होता. त्यांच्याकडे दुपार. समुद्राकाठी खडकांवर सील प्राणी पडलेले, मागे पार्थ उड्या मारतोय. पळत फोनपाशी आला. “आजी, आमी लई लांब गेल्तो! तितं पानी हुतं, निळं निळं!”

सहा वर्षांचा माझा नातू. तिकडे जन्मलेला. मागच्या वर्षीपर्यंत धड मराठी वाक्य येत नव्हतं म्हणून मी दर रविवारी फोनवरून गोष्टी सांगायचे. तो इंग्रजीत उत्तरं द्यायचा. आता चार महिन्यांत घडाघडा बोलतोय, आणि बोलतोय तर असं!

म्हटलं, “पार्थ, पाणी म्हण. ण. जीभ वर लाव.”

“पानी.”

“पाणी.”

“पानी.”

“‘आम्ही खूप लांब गेलो होतो’ म्हण बरं.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बाजूला पाहिलं. तिकडे मुक्ताबाई असणार. त्यांचा आवाज आला, “म्हन रं बाळा, आजी म्हनती तसं म्हन.” तो नाही म्हणाला. पंकजा हसली. ज्ञानू म्हणाला, “आई, तो बोलतोय हेच खूप आहे गं.”

पार्थ निघून गेला. पुन्हा फोनवर आला नाही.

२४ डिसेंबर, बुधवार

फोन केला. पार्थ खेळतोय म्हणे.

२५ डिसेंबर, गुरुवार

आज धाकट्या राजनंदिनीला पुढे केलं त्यांनी. अडीच वर्षांची. मुक्ताबाईंच्या कडेवर, पदर मुठीत. पंकजा म्हणाली, “बघ कोण आहे? सांग बरं.”

पोरगी म्हणाली, “फोनआजी.”

सगळे हसले. मीसुद्धा.

मुक्ताबाई नुसत्या ‘आजी’. मी फोनआजी.

२७ डिसेंबर, शनिवार

कुटुंबाच्या ग्रुपवर व्हिडिओ. तळं, मागे बर्फाचा डोंगर, गाडीचं दार उघडं. मुक्ताबाई आतल्या ओट्यावर बाजरीची भाकरी थापतायत. पीठ इथून नेलेलं. ज्ञानू दारात उभा राहून गरम भाकरी तोडून खातोय. ठेच्याबरोबर! माझ्या घरी या मुलाने बाजरीला कधी हात लावला नाही. पोळी मऊ नसेल तर ताटावरून उठायचा. व्हिडिओत म्हणतो, “आई, अजून एक.”

त्यांना आई म्हणाला. मला म्हणतो तसंच, त्याच सुरात.

व्हिडिओ चार वेळा पाहिला. चौथ्यांदा कशासाठी पाहिला कोण जाणे. खाली ज्ञानूच्या मावशीने लिहिलंय, ‘मुक्ताबाई नशीबवान.’ माझी सख्खी बहीण ही!

दुपारी जेवले नाही. भूक नव्हती असं नाही.

२८ डिसेंबर, रविवार

सहादेवरावांचा फोन. मुक्ताबाईंचे मालक, माझे व्याही. सप्टेंबरपासून वस्तीवर एकटेच आहेत. त्यांच्याकडे बटणांचा फोन, फोटो दिसत नाहीत. म्हणून आठवड्यातून एकदा मला विचारतात.

“बाई, काय म्हनत्यात आमची मानसं? कुटवर पोचली?”

मी सांगितलं. तळं, बर्फ, भाकरी. ते ऐकत होते. मध्ये खोकले. विचारलं, बरं नाही का? “न्हाई वो, तूर बडवतुया. धूळ जाती नाकातोंडात. काय न्हाई.”

मग म्हणाले, “तिला करमतंय का पर? दिसती कशी?”

म्हटलं, मजेत दिसतायत. म्हणाले, “मग झालं.” फोन ठेवला.

भला माणूस.

२९ डिसेंबर, सोमवार

आज मी एक गोष्ट केली.

सकाळी ज्ञानूचा फोन आला. एकटाच होता, पेट्रोल भरायला थांबलेला. उद्या डोंगरातून मोठा रस्ता, परवा समुद्राच्या खाडीत बोटीने जायचंय, धबधबे अगदी बोटीवर पडतात म्हणे, पार्थ दिवस मोजतोय. “सासूबाई तर काय खूश आहेत आई. म्हणतात, असं कधी सपनात नव्हतं.” सपनात! तोही त्यांच्यासारखं बोलायला लागलाय.

मी म्हटलं, “ज्ञानू, तुला सांगू की नको कळत नाही. सहादेवरावांचं काही खरं दिसत नाही.”

“म्हणजे?”

“काल फोन होता. बोलताना धाप लागत होती. मध्ये थांबत होते. खोकलाही आहे. एकटा माणूस रे. त्यांनी काही सांगितलं नाही, पण मला आवाजावरून कळतं.”

थोडं थांबून हेही म्हटलं, “तू मुक्ताबाईंना सांगू नकोस. उगाच सहलीचा विचका नको.”

तो सांगणार, हे मला ठाऊक होतं.

धाप लागत नव्हती. थांबतही नव्हते. खोकला होता, तुरीच्या धुळीचा.

३० डिसेंबर, मंगळवार

सगळे परत फिरले.

सकाळी पंकजाचा फोन, रडत. तिने वडिलांना फोन केला तर ते म्हणाले, मला काय झालं न्हाई. “अण्णा लपवतात हो आई. तुम्ही सांगितलंत म्हणून तरी कळलं.” मुक्ताबाईंनी ऐकल्यापासून एकच धरलंय, मला घरी पाठवा. जेवल्या नाहीत. ज्ञानूने तिकीट बदललं. मोठा रस्ता नाही, खाडी नाही, बोट नाही. ज्या विमानतळावर तिकीट मिळालं तिकडे दिवसभर गाडी चालवतोय.

मी म्हटलं, काळजी करू नका, मी आहे इकडे.

मागे कोणीतरी मूल रडत होतं. पार्थच असणार. मोठं मूल रडतं तसं, आवाज न करता, मधूनच हुंदका.

मला हेच हवं होतं ना? त्या पुढच्या सीटवरून उठाव्यात, एवढंच हवं होतं. पोरांची बोट बुडवायची नव्हती.

३१ डिसेंबर, बुधवार

मुक्ताबाई विमानात बसल्या. पायांना सूज आलेली, इंग्रजीचा शब्द येत नाही, मध्ये एकदा विमान बदलायचं. गळ्यात कागद अडकवलाय म्हणे, नाव, गाव, फोन नंबर लिहून. ज्ञानूने सांगितलं.

मुलं घरगाडीत झोपायला तयार नाहीत. आजी नाही म्हणून.

२ जानेवारी २०२६, शुक्रवार

पोचल्या. त्यांचा पुतण्या मुंबईला आणायला गेला होता.

४ जानेवारी, रविवार

ज्ञानूचा फोन. “आई, अण्णांना कर्जतला डॉक्टरांकडे नेलं. छातीचा फोटो वगैरे काढला. सगळं नीट आहे. धूळ म्हणाले.” मग थांबला. आता विचारेल, मनात म्हटलं. तो म्हणाला, “पण तू लक्ष ठेवलंस गं. पंकजा सारखी म्हणतेय, आईंचा केवढा आधार आहे.”

लंकाबाईंनाही कुठून तरी कळलंय. “व्याह्याची एवढी काळजी कोण करतं हो आजकाल!” वाटीभर खीर घेऊन आल्या.

ती खीर मी खाल्ली नाही. कुत्र्यालाही घातली नाही. तशीच मोरीत ओतली.

६ जानेवारी, मंगळवार

पार्थ अजून माझ्याशी बोलत नाही.

शाळेत असताना एका मुलीने खोटं सांगून दुसरीला शिक्षा करवली होती. मी तिला सगळ्या वर्गापुढे उभं करून कबूल करायला लावलं. पाचवीतली पोर. मला तेव्हा फार न्यायी वाटलं होतं स्वतःबद्दल.

९ जानेवारी, शुक्रवार

परवा कर्जतला जाणार. मुक्ताबाईंना फोन केला, भेटायला येते म्हटलं. “या की. राहायच्या बेतानं या.” आवाजात काही नव्हतं. ना राग, ना गोडवा.

११ जानेवारी, रविवार. मुक्ताबाईंची वस्ती

पहाटेची एसटी. पाटीवर अहिल्यानगर, कंडक्टरच्या तोंडी नगरच. तिथे गाडी बदलून कर्जतला पोचले तोवर ऊन चढलं होतं. स्टँडवर सहादेवराव मोटारसायकल घेऊन उभे. माझी पिशवी हँडलला अडकवली, वीस लिटरचा पाण्याचा जार पुढ्यात टाकीवर घेतला, मला मागे बसवलं, आणि दहा किलोमीटर गप्पा मारत वस्तीवर आणलं. धापबीप काही नाही. धाप मला लागत होती.

मुक्ताबाई अंगणात तुरीला वारं देत होत्या. चार महिन्यांत वाळल्यात. फोटोत जाकिटामुळे कळत नव्हतं. बोटांना चिरा पडलेल्या, पांढऱ्या.

पाणी दिलं, चहा दिला. मी पेढ्यांचा पुडा दिला. मग सहादेवराव हुरडा भाजायला बांधाकडे गेले आणि आम्ही दोघीच राहिलो. विचार करत बसले असते तर तोंडातून निघालं नसतं. म्हणून एकदम म्हटलं, “मुक्ताबाई, मी खोटं सांगितलं होतं. तुमच्या मालकांना काही झालं नव्हतं. मला बघवत नव्हतं म्हणून सांगितलं.”

त्यांनी सूप खाली ठेवलं.

“काय बघवत नव्हतं?”

“तुम्ही. ज्ञानूच्या शेजारी बसलेल्या. मुलं तुम्हाला चिकटलेली. सगळंच.”

त्यांनी तुरीतला एक खडा काढून टाकला. मग म्हणाल्या, “ठावं हुतं मला.”

“कधीपासून?”

“त्याच दिशी. पोरीनं फोन लावला तवा म्या बी बोल्ले की मालकाशी. चाळीस वर्सं झाली. त्यो खोटं बोलाय लागला की त्याचा आवाज बारीक हुतो. त्या दिशी न्हाई झाला.” आणि हसल्या, जरासं. “बाई, तुमी शिकल्याल्या बाया. खोटं तरी धड बोलावं. त्या गड्याला धाप? सकाळपारी चार मैल चालतुया त्यो.”

मी विचारलं, “मग आलात का? सांगायचं होतं ना त्यांना, की बाई खोटं बोलतायत.”

“यायचंच हुतं मला.”

मग बोलत गेल्या. माझ्याकडे न बघता, हात चालू ठेवून. पाचला उठायचं. दोघांचे डबे, पार्थचा डबा. दोघं कामाला गेली की धाकटी दिवसभर कडेवर. शेजारीपाजारी कोण नाही, असलं तरी बोलायचं काय? खिडकीतून रस्ता दिसायचा आणि रस्त्याला माणूस नाही. “पोरं लाखाची हायेत. जावई बी सोन्यावानी. कुनी कदी वाकडा शबुद बोललं न्हाई. पर मला कुनी एकदा बी इचारलं न्हाई, दमली का म्हनून.” घरगाडीतही तेच. पाच जणांचा स्वयंपाक, गार पाण्यात भांडी, पोरीचे कपडे हातांनी. “त्या तळ्याचं पानी बघितलं मी. लई झ्याक हुतं. पर भाकरी थापता थापता बघितलं.”

“आणि पुढची सीट?” माझ्या तोंडून निघालंच.

“मागं उलट्या हुयाच्या मला. वळनं लई. दोन दिस पिशवी धरून हुते.”

मी म्हटलं, लेकीला सांगायचं होतं. त्या म्हणाल्या, “कसं सांगावं? तिची नवी नोकरी. आईच न्हाई म्हनली तर तिनं कुनाकडं बघावं? तुमचा निरोप आला तवा म्हनलं, चला, खोटं तर खोटं, मला निमित तर झालं. पार्थ लई रडला पर. ते मातुर मला लागलं.”

मग सहादेवराव हुरडा घेऊन आले. तिघांनी खाल्ला. त्यांना आम्ही काही सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

त्या क्षमा करतायत की काय, ते कळलं नाही. ताटात भाकरी वाढली, वर लोणी. नको म्हटलं तरी वाढलं.

१२ जानेवारी, सोमवार. परतीच्या एसटीत

अक्षर वेडंवाकडं येतंय. पण आत्ताच लिहायला हवं.

मुक्ताबाई स्टँडवर सोडायला आल्या होत्या. गाडीला वेळ होता. बाकावर बसलो. त्यांनी आपण होऊन विषय काढला.

“एक सांगू का? तुमाला वाटतंय तुमाला कुनी बोलवलं न्हाई. तसं न्हाई ते. पोरगी म्हनत हुती ज्ञानोबांना, तुमच्या आईला बोलवू, पार्थचं मराठी सुधरंल. ते म्हनले, नको. माझ्या आईनं जलमभर शाळा बी केली आन घर बी केलं. आता तिला हितं आनून राबवायचं न्हाई. तिकडं आरामात ऱ्हाऊ दे. तिनंच न्हाई म्हनलं हे बरं झालं. पोरीनंच मला सांगितलं, कौतिकानं.”

मला आनंद झाला. मोठा. लाज वाटायच्या आधी आनंद झाला, हे इथे लिहून ठेवते. माझा ज्ञानू. माझा विचार केला त्याने.

मग त्या चिरा पडलेल्या बोटांकडे लक्ष गेलं. आपली आई राबायला नको, म्हणून त्याने बायकोची आणली. आणि लेकीने कौतुकाने सांगितलेलं ते मला सांगताना या बाईच्या मनात काय असेल? विचारायचा धीर झाला नाही. गाडी लागली. चढताना त्यांनी माझी पिशवी वर दिली. जड होती. तूर घातलीय पाच किलो.

१३ जानेवारी, मंगळवार

ज्ञानूचा फोन. पार्थच्या शाळेची सुट्टी, धाकटीचं पाळणाघर, पंकजाच्या कामाच्या पाळ्या, सगळं अडलंय. “आई, अण्णा आता बरे आहेत. मार्चमध्ये सासूबाई परत येतील का? तू विचारून बघ ना. तुझं ऐकतील.”

मी म्हटलं, त्या येणार नाहीत. त्या दमल्यात. आणि सगळं सांगितलं. धाप लागल्याचं खोटं होतं, हेही. का सांगितलं, तेही. पाचवीतल्या त्या पोरीसारखी उभी राहून.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “आई, पार्थ तीन दिवस जेवला नव्हता नीट.”

म्हटलं, “मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी तेव्हा मी सांगितलंच असतं. तेव्हा मी तशीच झाले होते.” मग म्हटलं, “मार्चमध्ये मी येते.”

“तू? आई, इथे काम पडतं.”

“मुक्ताबाईंना पडायचं तेव्हा चालत होतं ना तुला?”

फोन ठेवला त्याने. मी बोलले ते खरं होतं, पण आज ते बोलायचा हक्क मला नव्हता.

१५ जानेवारी, गुरुवार

ज्ञानूचा मेसेज. ‘पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो पाठव.’ पुढेमागे काही नाही. पाठवला.

संध्याकाळी लंकाबाईंना सांगितलं, मार्चमध्ये जातेय. त्या म्हणाल्या, “आलं बाई एकदाचं तुमचंही नशीब. फिरून घ्या मनसोक्त.”

म्हटलं, “फिरायला नाही हो. कामाला.”